पाहुणा वाजवतो तेव्हा

वसईजवळच्या आमच्या भुईगावात लग्नाच्या मांडवात बँड वाजत असला आणि पाहुण्यांत दुसऱ्या गावचा एखादा वाजवणारा दिसला, तर बँडमास्तर हातातलं गाणं संपवून थांबतो आणि मानेनेच त्याला बोलावतो. याला आम्ही मान देणं म्हणतो. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा हसायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं. नको म्हणणाऱ्याने वाद्य घरून आणून खुर्चीखाली ठेवलेलं असतं, हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

यात नियम एकच, पण कडक. पाहुणा वाजवतो तेव्हा घरच्यांनी हात हलका करायचा. ड्रमवाल्याने काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ठेका धरायचा, ट्रंपेटवाल्यांनी खाली बघत बसायचं, मास्तरने मागे नुसता सूर धरून ठेवायचा. पाहुणा शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला पाहिजे. त्याने वाईट वाजवलं तर लाज त्याची. तो ऐकूच आला नाही तर लाज यजमानाची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या रीतीपायी झालं. आमचे बाबा असं समजून चालले होते की जगात सगळीकडे वाजवणारे असेच वागतात.

बाबा दिवसा केळीची वाडी करायचे आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे. ते शिकले देवळात. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. एका म्हाताऱ्या फादरनी मिस्सेला, म्हणजे तिथल्या प्रार्थनेला, साथ करायला म्हणून त्यांना हातात गज धरायला शिकवलं, आणि बाबांनी तेच व्हायोलिन लग्नांत नेलं. फादर महिनाभर बोलले नाहीत म्हणे. मग त्यांच्याच पुतण्याचं लग्न निघालं आणि राग मिटला.

बाबांचा बँडमास्तर अर्नाळ्याचा होता. जातीने कोळी, क्लॅरिनेट वाजवायचा, आणि दिवसा दर्यावर नाही तर बंदरावर जाळी विणत बसलेला असायचा. तो नि बाबा मिसरूड फुटायच्या आधीपासूनचे सोबती. कुठल्याही लग्नात मास्तर पहिलं गाणं सुरू करण्याआधी बाबांकडे बघायचा, बाबा गज तारेवर ठेवायचे, आणि मग बाकीच्यांना कळायचं की आता सुरुवात. त्यांची भांडणंही पुष्कळ झाली. पण ती सगळी सुरावरून.

मी नोकरीला लागले त्या सुमारास टेम्पोवरचे डीजे आले. एका टेम्पोत मावतील तेवढे खोके, आणि त्यांच्यापुढे बटणं दाबणारा एक जण. आवाज एवढा की पलीकडच्या गास गावात लागलेलं लग्न आमच्या पडवीत ऐकू यायचं. पहिल्या हंगामात लोक म्हणाले, डीजे असू दे, पण बँडही पाहिजे. दुसऱ्या हंगामात म्हणाले, बँड देवळापासून मांडवापर्यंत, पुढे डीजे. त्यानंतर काही म्हणायलाच कुणी आलं नाही. बाबा पाहुणे म्हणून लग्नाला जात राहिले. व्हायोलिनची पेटी बरोबर न्यायचे, खुर्चीखाली ठेवायचे, जेवायचे आणि उचलून परत आणायचे. डीजेला काय ठाऊक खुर्चीखाली काय आहे ते.

आई म्हणायची, "कशाला वाहून नेतोस ते ओझं?" बाबा पेटी उचलून चालू लागायचे. एकदाच ते मला म्हणाले होते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथे सगळ्यांना कळेल अशी लिहिते. ते म्हणाले, "मला अजून एकदा वाजवायचंय. ज्यांना कळतं त्यांच्यासमोर. मग पेटीला कुलूप लावलं तरी चालेल." वय झालेला माणूस असं काही मागायला लागला की मुलांना ओशाळल्यासारखं होतं.

मी तेव्हा फोर्टातल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत टायपिस्ट होते. पेजर जाऊन मोबाईल नुकते आले होते, आणि आमच्या साहेबांकडे तो होता. साहेब दादरचे, बोलायला गोड, कपाळावर कधी आठी नाही. मला त्या काळात ते फार आवडायचे. एक दिवस त्यांनी टेबलावर पोस्टर पसरलं. अमेरिकेतून एक बँड दौऱ्यावर येणार होता आणि कार्यक्रमाची जाहिरात आमच्याकडे होती. पोस्टरवर चौकड्यांच्या शर्टांतली पाच-सहा माणसं एका मोडक्या कुंपणाला टेकून उभी होती. त्यातल्या एका मुलीच्या हातात व्हायोलिन होतं.

"ऑल्ट-कंट्री," साहेब म्हणाले. मी विचारलं, म्हणजे काय? "म्हणजे अगं, तिकडचं खेड्यातलं म्युझिक असतं ना, कंट्री, ते. पण जरा वेगळं. जरा रॉ."

खेड्यातलं म्युझिक मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीतला एक जण बोटीवर नोकरीला होता. तो दर सुट्टीला कॅसेटी आणायचा आणि ऐकून झाल्या की बाबांना देऊन टाकायचा. त्यातली गाणी शेताची, रेल्वेची, दारूची, मेलेल्या आईची आणि येशूची. बाबांना इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण व्हायोलिन कुठे रडतं आणि कुठे नाचतं ते ते बोटाने दाखवायचे. "ही आपलीच माणसं आहेत," ते म्हणायचे. "फक्त यांच्याकडे केळी नाहीत."

हे सगळं मी साहेबांना हसत हसत सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे वा. मग घेऊन ये ना बाबांना. पास देतो. आणि त्यांचं फिडल पण आणू दे बरोबर. काय सांगावं."

काय सांगावं. साहेब फोनवर असं दिवसातून दहा वेळा म्हणायचे. पण मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि बाबांनी हातातली कोयती खाली ठेवली. त्यांच्या हिशेबाने हे सरळ बोलावणं होतं. पाहुण्याला वाद्य घेऊन ये म्हटलं, म्हणजे मान देणार.

मी समजावून बघितलं. म्हटलं, बाबा, तिथे तिकीट काढून लोक येतात, तिथे असलं काही नसतं. ते म्हणाले, "वाजवणारे आहेत ना?" मी म्हटलं, हो. "मग झालं."

पुढचे काही दिवस घरात लग्न असल्यासारखी तयारी चालली. आईने बाबांचा काळा सूट उन्हात टाकला, डांबरगोळ्यांचा वास जाईना म्हणून पुन्हा टाकला. बाबा पहाटे वाडीत जाण्याआधी वाजवायला बसू लागले. आणि त्यांनी सुकेळी बांधून घेतली. आमच्या वसईची सुकवलेली केळी, केळीच्याच सुक्या सोपात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, "अमेरिकन माणसांना सुकेळी?" तर म्हणाले, "वाजवणारा वाजवणाऱ्याकडे रिकाम्या हाताने जातो का?"

निघायच्या आदल्या दिवशी अर्नाळ्याहून मास्तर आला. सायकल आंब्याला टेकवली, ओट्यावर बसला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत राळ होती, गजाला घासतात ती, चांगल्यातली, मधाच्या रंगाची. आमच्याकडे तशी मिळत नव्हती. त्याने ती कोणाकडून तरी मुंबईहून मागवली होती.

"ही लाव," तो बाबांना म्हणाला. "तुजी ती काळी राळ नको लावू. खरखर करते. आनि घाई करू नको. तू सुरवातीला घाई करतंस." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, नीट आयक. तो काय वाजवतो, त्यांचं काय बोलनं होतं, समदं मला येऊन सांग. आपला मानूस वाजवनार हाय."

तेव्हा त्याच्या तोंडावर हेवा बिलकूल नव्हता. पुढे जे म्हणाले की मास्तरच्या पहिल्यापासून पोटात दुखत होतं, त्यांनी तो ओटा बघितला नव्हता.

कार्यक्रम दक्षिण मुंबईत, एका क्लबच्या हिरवळीवर होता. फाटकावर पहारेकऱ्याने पेटी उघडायला लावली. बाबांनी ती एवढ्या अदबीने उघडून दाखवली की मलाच कानकोंडं झालं. आतले लोक साध्या टी-शर्टात आणि चपलांत, आणि त्यांच्यामध्ये आमचे बाबा काळ्या सुटात, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात सुकेळ्यांची पिशवी. दोघी-तिघी मुली वळून हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. लग्नात घोड्यावर बसलेल्या नवऱ्याकडे बघून लोक हसतात तशा हसल्या.

साहेब समोर आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्वा, अंकल. एकदम परफेक्ट." काय परफेक्ट ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी बाबांना रंगमंचाच्या कडेला खुर्ची दिली आणि मला मागे, आवाजाची यंत्रं होती त्या टेबलाजवळ उभं केलं. तिथून छान दिसेल म्हणाले.

बँड आला. गाणारा दाढीवाला, डोळे मिटून गायचा. त्यांच्या संगीताबद्दल मी काय बोलू? सुरुवातीची दोन गाणी मला आवडली. कॅसेटीतलीच माती, पण भिजून चिखल झालेली. म्हाताऱ्यांची गाणी घ्यायची, ती मुद्दाम ओरखडे काढून वाजवायची, वर गिटारचा कर्कश्श आवाज सोडायचा, आणि या सगळ्याला नवं नाव द्यायचं. आपल्या बापाशी भांडण आहे पण बापाचा कोट तर अंगात हवा, अशी ती पोरं. लोकांना फार आवडत होतं. मला मध्येच वाटलं, आमचा मास्तर असता तर म्हणाला असता, पहिल्यांदा वाद्यं लावून घ्या.

पण ती व्हायोलिनवाली मुलगी खरंच वाजवत होती. बाबा खुर्चीत पुढे सरकून फक्त तिच्याकडे बघत होते आणि त्यांची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी नंतर कधी बघितला नाही. तेवढ्यावर कार्यक्रम संपला असता तर किती बरं झालं असतं.

चार-पाच गाण्यांनंतर साहेब कडेने वर गेले, दाढीवाल्याच्या कानात काहीतरी बोलले, आणि दाढीवाल्याने माईकवरून इंग्रजीत सांगितलं की आज इथे जवळच्याच एका खेड्यातला शेतकरी आला आहे, तोही फिडल वाजवतो, त्याला आपण वर बोलावू या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबांनी मान हलवून नको म्हटलं. पुन्हा बोलावलं तेव्हा हसले. तिसऱ्यांदा उठले. भुईगावात करायचे तसंच, अगदी क्रमाने. लोकांना वाटलं म्हातारा लाजतोय, आणि शिट्ट्या वाढल्या.

बाबांनी पेटी उघडली, खांद्यावर रुमाल टाकला, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. त्यांच्यापुढे एक माईक आणून ठेवला गेला. मुलीने त्यांना त्यांच्या तारेवर सूर लावून दिला. सगळं नीट चाललं होतं. मी आवाजाच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होते.

गाणं सुरू झालं आणि बाबांनी गज ओढला. हात हलत होता, डोळे मिटलेले होते, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मला वाटलं माझेच कान बंद झाले. मी खाली टेबलावर बघितलं. त्या यंत्रावर वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येकीखाली कागदाची चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं होतं. एकीखाली 'गेस्ट' लिहिलं होतं. ती पट्टी तळाशी होती.

मी त्या यंत्रवाल्याला म्हटलं, भाऊ, तो माईक चालू नाही. तो म्हणाला, "मालूम है. साहब ने बोला है." मी मागे वळले. साहेब तिथेच उभे होते, फोटोवाल्याला कुठून घ्यायचं ते दाखवत.

"साहेब, बाबांचा आवाज येत नाही."

"अगं, रिलॅक्स. त्यांचा शो आहे, पैसे देऊन लोक आलेत. मध्येच बेसूर झालं तर? फोटो मस्त येतोय बघ. अंकल खूश, सगळे खूश."

मी हात पुढे करून ती पट्टी वर ढकलायला गेले. यंत्रवाल्याने माझं मनगट धरून बाजूला केलं. जोरात नाही. तापलेल्या भांड्याकडे हात नेणाऱ्या लहान मुलीचा हात धरतात तसं.

वर बाबांनी डोळे उघडले होते. ते ड्रमवाल्याकडे बघत होते. तो हात हलका करील म्हणून वाट बघत होते. ड्रमवाल्याला वाटलं म्हाताऱ्याला जोर चढला आहे. तो हसला आणि आणखी जोरात वाजवू लागला. बाबांनी गिटारवाल्याकडे बघितलं. तोही हसला. मग त्यांनी मान थोडी वळवून कर्ण्यांच्या खोक्यांकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं. तरी त्यांनी गज थांबवला नाही. गाणं संपेपर्यंत वाजवलं, एक जागा न सोडता. शेवटी वाकून नमस्कार केला. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते त्यांनाच ठाऊक.

कार्यक्रम संपल्यावर आम्हाला मागच्या बाजूला नेलं. बाबांनी सुकेळी दिली. त्या पोरांना दोष देणार नाही मी, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी ती तिथेच सोडून खाल्ली, आवडीने खाल्ली. दाढीवाला बाबांचा हात धरून "ग्रेट, ग्रेट" म्हणत राहिला. व्हायोलिनवाली मुलगी मात्र नीट खरं बोलली. तिने बाबांच्या बोटांकडे दाखवून दोन्ही हात छातीशी नेले, मग स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि वाईट वाटल्यासारखी मान हलवली. बोटं बघितली, ऐकू आलं नाही. हे समजायला इंग्रजी लागत नाही.

परतताना वसईला उतरून रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "त्यांनी हात हलका नाही केला."

मी म्हटलं, "माईकच बंद होता, बाबा. साहेबांनी ठेवायला लावला." मला ते लपवता आलं नसतं, माझं तोंड तसलं नाही.

मग ते म्हणाले, "मास्तरला आपण होऊन सांगीन मी. तू नको सांगू. त्याने राळ आणली होती."

आणि ते सांगणारही होते. मला खात्री आहे. पण रविवार मध्ये आला. त्याआधी एका इंग्रजी पेपरात फोटो छापून आला होता. बाबा सुटात, डोळे मिटलेले, पुढे माईक, मागे अमेरिकन. बोटीवरच्या त्या शेजाऱ्याने तो अंक देवळाच्या पायरीवर सगळ्यांना फिरवून दाखवला. मिस्सा सुटली, आम्ही बाहेर आलो, तर अंगणात जुना बँड उभा. सगळे. कोणी वर्ष-वर्ष न घातलेले लाल कोट घालून आले होते, कोणाची बटणं लागत नव्हती. आणि पुढे मास्तर, हातात सोनचाफ्याचा हार. तो देवळात न येणारा माणूस, अर्नाळ्याहून सायकलवर हार सांभाळत आला होता.

"आज आपल्या बँडचं नाव झालं," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमी मेलो तरी आता काय नाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि हार घालून घेतला. बँड वाजला. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मी त्या अंगणात बघितलं. सोमवारी मी कामावर गेले आणि साहेबांनी त्या फोटोची चौकट करून मला भेट दिली.

त्यानंतर बाबांनी पेटी उघडली नाही. मिस्सेला नाही, लग्नात नाही, पडवीतही नाही. त्या फोटोमुळे कुठे कुठे पुन्हा बँड सांगितला जायचा, पण बाबा पाहुण्यांत बसायचे, आणि मास्तर हातातलं गाणं थांबवून बाबांना मानेने बोलवायचा. बाबा पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदाही नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदाही. बोट दुखतं म्हणायचे. मांडवात तीनदा नाकारलेला मान म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं. मास्तरने पहिल्यांदा ते पोटात घातलं. पुढे एका लग्नात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कशाला बोलवायचं? अमेरिकेला वाजवलं, आता आमची वाजंत्री हलकी वाटते." लोक हसले. बाबाही हसले. त्या दिवसापासून सायकल आमच्या आंब्याला टेकली नाही.

मी भांडले बाबांशी. म्हटलं, त्याला जाऊन सांग, चार शब्दांचं काम आहे. ते म्हणायचे, बघू. मला राग यायचा तो त्यांचाही यायचा. साहेबांचा यायचा, तो तर आजही येतो. मास्तरचाही यायचा. इतक्या वर्षांचा सोबती, त्याला एवढं कळू नये? पण ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो. गावाने एकदा ठरवलं की माणूस चढेल झाला, की तो खाली मान घालून चालला तरी त्याला चढेलच म्हणतात. मी दुसरी नोकरी बघितली, लग्न करून नालासोपाऱ्यात राहायला गेले. घरी गेले की भिंतीवर ती चौकट दिसायची. गाववाल्यांना दाखवायला आईने लावली होती, आणि ती काढायची म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

बाबा गेले ते वाडीतच, केळीला माती लावताना. दुखणं नाही, अंथरूण नाही.

आमच्याकडे वाजवणाऱ्याच्या मयताला त्याचा बँड येतो. घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून दफनभूमीपर्यंत वाजवत नेतात. बोलावणं करावं लागत नाही. बँडवाले आले, पण हात हलवत आले. फाटकाबाहेर एका बाजूला उभे राहिले. मास्तर खूप थकला होता, वाडीच्या मेरेला, बांधाला, काठी टेकवून उभा होता. शवपेटी बाहेर काढायची वेळ झाली तरी कोणी हलेना. मीच बाहेर गेले.

"मास्तर, वाजवणार नाही?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुज्या बापाला आमचा बँड कवापासून लागला? अमेरिकावाल्यांना बोलव."

बाबांनी नको सांगू म्हटलं होतं. पण ते आता आत पेटीत निजले होते, आणि मला ते ओझं पुढे न्यायचं नव्हतं. मी त्याला सांगितलं, जसं घडलं तसं. माईक बंद होता. कोणी हात हलका केला नाही. एक सूरही कोणाला ऐकू गेला नाही, आणि बाबांना ते तिथेच कळलं होतं. म्हणून पेटी उघडली नाही. बोट कधीच दुखत नव्हतं.

बाकीचेही ऐकत होते. मास्तर म्हणाला, "मंग मला का नाय बोलला? मला?"

"तुम्ही हार घेऊन आला होता," मी म्हटलं.

काठी मेरेला तशीच ठेवून तो दोन पावलं चालला, पुन्हा उभा राहिला. मग त्याने ड्रमवाल्याच्या मुलाला मोटारसायकलवरून अर्नाळ्याला पिटाळलं. मिस्सा आटोपेपर्यंत वाद्यं आली होती. लाल कोट आणायला वेळ नव्हता.

देवळापासून त्यांनी वाजवायला घेतलं. जुनं, मयताला वाजवतात तेच. फुंक नीट लागत नव्हती, ट्रंपेटवाल्याचे दात गेले होते, सूर फाटत होता. बाबा असते तर भांडले असते. दफनभूमीच्या दारात एक जागा येते, तिथे बाबांचं व्हायोलिन पुढे व्हायचं. तिथे पोहोचल्यावर मास्तरने क्लॅरिनेट खाली घेतलं आणि शवपेटीकडे बघून मान हलवली. मांडवात पाहुण्याला बोलावतात तशी, तीनदा.

ड्रमवाल्याने काठ्या काखेत धरल्या आणि बोटांनी ठेका धरला. ट्रंपेटवाल्यांनी खाली बघितलं. सगळ्यांनी हात हलका केला, अगदी रीतीप्रमाणे, आणि शेवटच्या माणसापर्यंत सगळं ऐकू येत होतं. फक्त वाजवणारा नव्हता.